दहा बाय बाराची खोली आणि फुकटचं कॅड : पहिल्यांदा नकाशा काढणाऱ्यांसाठी

शेतावर अवजारांची खोली बांधायची होती. वहीच्या मागच्या पानावर मी एक चौकट काढली, आत १० × १२ लिहिलं, दाराची खूण केली आणि पान फाडून मिस्त्रींच्या हातात दिलं. माझ्या डोक्यात आतलं माप होतं. मिस्त्रींनी लाइनआउट टाकताना, म्हणजे जमिनीवर भिंतींच्या रेघा आखताना, ते बाहेरून धरलं. नऊ इंची भिंती दोन्ही बाजूंनी आत आल्या आणि आत उरलं साडेआठ बाय साडेदहा. आधीच घेऊन ठेवलेला नऊ फुटी लोखंडी रॅक काही बसेना. ग्राइंडरने सहा इंच कापला, तरी बसेना, कारण प्लास्टरची जाडी धरायची राहिली होती. मग आणखी एक इंच कापला. तो रॅक आजही तिथेच आहे, एका बाजूने बोडका.

यात मिस्त्रींची चूक नव्हती. कागदावर जे नव्हतं ते त्यांनी त्यांच्या सवयीने धरलं. काही वर्षांनी दुसरी खोली काढली तेव्हा ठरवलं की या वेळी नकाशा संगणकावर, म्हणजे कॅडमध्ये (नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरला कॅड म्हणतात) काढायचा, पण एका खोलीसाठी सॉफ्टवेअरवर पैसे घालवायचे नाहीत. तेव्हा जे शोधलं, वापरलं आणि टाकून दिलं, ते इथे पायरीपायरीने लिहितो. उदाहरण तेच ठेवतो : आतून १० बाय १२ फूट, नऊ इंची भिंत, एका उताराचा पत्रा.

पायरी १ : नकाशा कुणाच्या हातात जाणार?

‘सगळ्यात चांगलं कॅड कोणतं’ हे शोधत बसलात तर आठवडा जाईल आणि हाती काही लागणार नाही. त्याऐवजी, आपण काढलेलं कोण वाचणार ते बघा.

मिस्त्री कागद वाचतो. त्याला फूट-इंच हवेत, आकडे मोठे हवेत आणि माप आतलं की बाहेरचं ते बाणावरून कळायला हवं. पत्र्याच्या सांगाड्याचं काम करणाऱ्या वेल्डरला लांब्या हव्यात : कोणता पाइप किती फुटांचा, किती नग. घरच्या माणसांना यातलं काहीच नको असतं, त्यांना खोली दिसायला हवी. आणि परवानगीचा प्रश्न असेल तर इंजिनीअरला अशी फाइल हवी जी त्याच्या ऑटोकॅडमध्ये उघडेल.

परवानगीबद्दल एवढंच : गावात असाल तर खोदाई करण्याआधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या. शहरात महापालिकेला द्यायचा नकाशा परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनीअरच्या सहीनेच जातो, आणि ऑनलाइन तपासणी असेल तिथे तो ठरावीक लेयरमध्ये (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे थर) काढलेला लागतो. ते काम आपलं नाही. आपण त्यांना स्वच्छ, मापांचा नकाशा दिला तरी त्यांच्या दोन फेऱ्या वाचतात. आणि स्लॅब, कॉलम, बीम आले की इंजिनीअर हवाच. नकाशा काढायचं सॉफ्टवेअर रेघ सरळ आहे की नाही एवढंच सांगतं, बीम वजन पेलेल का हे त्याला माहीत नसतं.

पायरी २ : आधी आलेख कागद

हसू नका. शाळेतला सेंटिमीटरचा आलेख कागद घ्या आणि दोन सेंटिमीटर म्हणजे एक मीटर असं धरून जागा काढा. ही झाली १:५० ची पट्टी, म्हणजे प्रमाण. नाहीतर एक चौकट म्हणजे एक फूट धरा, तेही चालेल. जागेवर टेप घेऊन जा आणि झाड, विहीर, बांध, विजेचा खांब, शेजारच्याची हद्द, सगळं टिपून घ्या. पाऊस कुठून झोडपतो तेही लिहा. यातलं काहीही संगणक विचारणार नाही.

एक खोली, एक दार, एक खिडकी एवढंच काम असेल आणि बदल करायची शक्यता नसेल, तर इथेच थांबायलाही हरकत नाही. नीट काढलेला आलेख कागद वाईट कॅडपेक्षा शंभर पटींनी बरा. संगणक लागतो तो मन बदलतं तेव्हा : खिडकी सरकवायची, खोली फूटभर वाढवायची, पत्र्याचा उतार बदलायचा, आणि प्रत्येक वेळी सगळी मापं पुन्हा हिशेबात बसवायची.

पायरी ३ : आपला संगणक काय पेलतो?

घरातला जुना लॅपटॉप असेल तर द्विमितीय कॅड त्यावर आरामात चालतं. लिब्रेकॅड नावाचं मोफत कॅड इतकं हलकं आहे की ज्या मशीनवर ब्राउझरसुद्धा कुरकुरतो तिथेही ते धावतं. त्रिमितीय सॉफ्टवेअरला बरी मेमरी लागते, आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्यांना सतत इंटरनेट. माउस मात्र हवाच, चाकाचा. टचपॅडवर कॅड शिकायला बसलेली माणसं दुसऱ्या दिवशी कॅडला शिव्या देतात, दोष टचपॅडचा असतो. फक्त मोबाइल असेल तर सरळ पायरी २ वर परत जा.

पायरी ४ : निवड

नाव सगळ्यांना माहीत असतं ते ऑटोकॅड. १९८२ पासून ते बाजारात आहे आणि गल्लीतला प्लॅन काढून देणाराही तेच वापरतो. आज ते भाड्याने मिळतं, महिन्याच्या किंवा वर्षाच्या. विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी ते फुकट आहे, पण ती सवलत काका-मामांच्या बांधकामासाठी नाही. एका खोलीसाठी भाडं भरण्यात अर्थ नाही. घ्यायचंच असेल तर एका महिन्याचं घ्या आणि घेतल्या दिवशीच रद्द करायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

‘मित्राकडे क्रॅक आहे’, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत आहे, हा मार्ग सर्रास सुचवला जातो. चोरीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी, क्रॅकसोबत काय येतं ते आपल्याला दिसत नाही. २०१२ मध्ये एक व्हायरस सापडला होता जो ऑटोकॅडच्या फाइलींवरच ताव मारायचा, नकाशे चोरून परस्पर ईमेलने पाठवायचा. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात त्यावर हा जुगार नको.

फुकटच्या पर्यायांत मी सगळ्यात जास्त वापरलं ते लिब्रेकॅड. मुक्त स्रोत, नोंदणी नाही, ईमेल मागत नाही, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. फक्त द्विमितीय आहे, आणि आपल्या कामाला तेच पुरतं. दिसायला जुनाट. पहिला अर्धा तास काहीच सुचत नाही, कारण उजवीकडे-डावीकडे बारीक चिन्हांची जत्रा भरलेली असते. पण रेघ, समांतर रेघ, छाटणी आणि माप ही चार हत्यारं हाताला बसली की खोली होते.

क्यूकॅड हा त्याचाच सख्खा. लिब्रेकॅड मुळात क्यूकॅडच्या जुन्या मोफत आवृत्तीतूनच फुटून निघालं. क्यूकॅड दिसायला नेटकं आहे. इथे नवखे एका ठिकाणी हमखास फसतात : डाउनलोड केल्यावर जे उघडतं ती पैसे घेणाऱ्या आवृत्तीची चाचणी असते आणि ती पंधरा मिनिटांनी बंद पडते. माणसाला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. त्या चाचणीचा भाग काढून टाकला की खाली मोफत कम्युनिटी आवृत्ती उरते, ती कायमची. पैसे देऊन घ्यायचं असेल तर एकदाच द्यायचे, वर्षाचं भाडं नाही, आणि त्यात ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाइली उघडतात. इंजिनीअरशी फाइलींची देवाणघेवाण वारंवार होणार असेल तर हा खर्च मला रास्त वाटतो.

स्केचअप वेगळ्या जातीचं. यात चौकट काढायची आणि वर ओढायची, भिंत उभी राहते. ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती घरगुती कामाला फुकट आहे. मी ते वापरलं ते केवळ घरच्यांसाठी. नकाशावर आईने मान डोलावली होती, ‘तुला कळतं ते कर’ म्हणाली होती. स्क्रीनवर खोली उभी करून फिरवून दाखवली तर लगेच विचारलं, ‘दार पश्चिमेला का ठेवलंस? पाऊस तिकडूनच तर येतो.’ दार उत्तरेला गेलं. त्या एका प्रश्नाने स्केचअपचे दोन तास वसूल झाले. पण फुकटच्या आवृत्तीतून डीएक्सएफ किंवा डीडब्ल्यूजी, म्हणजे इतर कॅडना वाचता येणारी फाइल, बाहेर काढता येत नाही, त्यामुळे मिस्त्रीचा कागद त्यातून काढायच्या भानगडीत पडू नका.

स्वीट होम थ्रीडी घराच्या आतली मांडणी बघायला झकास आहे, फ्रिज कुठे आणि पलंग कुठे. शेडला त्याचा फार उपयोग नाही. फ्रीकॅड ताकदवान आहे, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि इमारतीच्या कामाचा विभागही त्यात आहे. पण शिकायला महिने लागतात. छंद म्हणून शिका, खोली पावसाळ्याआधी उभी करायची असेल तर नको.

फुकटचं निवडताना एक गोष्ट बघा : ते उद्याही फुकट राहील का? ड्राफ्टसाइट नावाचं चांगलं कॅड बरीच वर्षं मोफत होतं, आणि पुष्कळांनी आपली सगळी कामं त्यात करून ठेवली होती. २०१९ च्या अखेरीस मोफत आवृत्ती उघडायचीच बंद झाली. म्हणून फाइल कायम डीएक्सएफमध्ये ठेवा. हा देवाणघेवाणीचा जुना, उघडा प्रकार आहे आणि जवळपास प्रत्येक कॅड तो वाचतं.

इंजिनीअरकडून डीडब्ल्यूजी आली आणि आपल्याकडे उघडली नाही तर घाबरू नका. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. कचरा दिसेल, पण अगदी पहिली सहा अक्षरं वाचता येतात. एसी१०३२ असेल तर ती २०१८ च्या प्रकारची, एसी१०१५ असेल तर २००० ची. त्यांना सांगा, ‘जुन्या प्रकारात किंवा डीएक्सएफ करून पाठवा.’ त्यांना वेळ नसेल तर ओडीए फाइल कन्व्हर्टर नावाचं मोफत साधन तेच काम घरी करून देतं.

पायरी ५ : एका संध्याकाळची परीक्षा

दोन सॉफ्टवेअर उतरवून घ्या, त्याहून जास्त नको. दोन्हींत एकच काम करा : १० बाय १२ ची चौकट, बाहेरून नऊ इंची भिंत, एका भिंतीत साडेतीन फुटी दार, चार मापं आणि एक प्रिंट. ज्यात प्रिंटवरची पट्टी बरोबर आली ते ठेवा, दुसरं काढून टाका. रंग, चिन्हं, व्हिडिओतल्या करामती, यातलं काहीही गुणांत धरू नका. प्रिंट बरोबर येत नसेल तर बाकी सगळं फुकट गेलं.

पायरी ६ : खोली काढताना

हे लिब्रेकॅडचं सांगतो, क्यूकॅडमध्ये थोड्याफार फरकाने तसंच.

सगळ्यात आधी ‘करंट ड्रॉइंग प्रेफरन्सेस’मध्ये जाऊन एकक ठरवा. आपला मिस्त्री फूट-इंचात बोलतो, म्हणून मी इंच निवडतो आणि मापांचा प्रकार ‘आर्किटेक्चरल’ ठेवतो. मग आकडे आपोआप फूट-इंचात उमटतात. मिलिमीटरमध्ये काढलंत तरी चालतं, एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, पण मग कागदावर ३०४८ वाचून मिस्त्री तुमच्याकडे बघत राहील.

दुसरं, खऱ्या मापातच काढा. स्क्रीनवर लहान-मोठं करायचा विचारच नको. दहा फूट म्हणजे १२० इंच, तर १२० च टाका. पट्टीचा विषय फक्त प्रिंटच्या वेळी. ही गोष्ट कळायला मला एक रविवार लागला.

रेघेचं हत्यार घ्या, सुरुवात ०,० वर, मग @१२०,० टाका. @ म्हणजे ‘आहे तिथून पुढे’. मग @०,१४४ टाका, आणि तसंच फिरत परत या. आतली चौकट झाली. आता समांतर रेघेने नऊ इंच बाहेर घ्या, कोपरे छाटा. बाहेरचं माप बघा : ११ फूट ६ इंच बाय १३ फूट ६ इंच. माझ्या पहिल्या खोलीचं भांडण इथेच मिटलं असतं. दोन्ही मापं दाखवा, आतलं आतल्या बाजूला, बाहेरचं बाहेरच्या बाजूला.

भिंती, दारं-खिडक्या, मापं आणि पत्रा हे चार वेगळ्या लेयरवर ठेवा. मिस्त्रीला देताना पत्र्याचा लेयर बंद, वेल्डरला देताना दारं-खिडक्या बंद. एकाच कागदावर सगळं कोंबलं की कुणालाच काही दिसत नाही.

देवनागरीची अपेक्षा मात्र ठेवू नका. लिब्रेकॅडची अक्षरं त्याच्या स्वतःच्या रेघांच्या फॉन्टमधून येतात, जोडाक्षरांचं तिथे काही जमत नाही. मी स्क्रीनवर फक्त आकडे टाकतो आणि ‘दार’, ‘खिडकी’, ‘मोटरची बाजू’ हे प्रिंटवर पेनाने लिहितो. मिस्त्रींना तेच आवडतं.

पायरी ७ : उभा छेद काढल्याशिवाय पत्रा मागवू नका

नवखे वरून दिसणारा नकाशा काढून थांबतात, उभा छेद, म्हणजे खोली मधोमध उभी कापली तर बाजूने दिसेल ते चित्र, काढत नाहीत. पत्र्याचा घोळ त्यातूनच होतो.

आपली खोली बाहेरून साडेअकरा फूट रुंद. दोन्हीकडे सव्वा-सव्वा फूट पत्रा बाहेर काढायचा ठरवला, म्हणजे वरून बघताना १४ फूट. दुकानदाराला १४ फुटी पत्रे सांगितले की झालं, असं वाटतं. पण पत्रा उतारावर पडतो. समोरची भिंत ९ फूट, मागची ७ फूट १ इंच, म्हणजे साडेअकरा फुटांत २३ इंच उतार, सहाला एक. या तिरक्या रेघेची लांबी सॉफ्टवेअरला विचारा : १४ फूट २ इंचांहून थोडी जास्त. १४ फुटी पत्रा दोन इंचांनी आखूड पडला. हे काही जगबुडीचं नाही, बाहेर काढलेला भाग एका बाजूने कमी करा, पण ते पत्रा टेंपोतून उतरवण्याआधी कळलेलं बरं. वळवाच्या पावसात भिंतीच्या माथ्यावर पाणी मुरायला लागलं की हे दोन इंच आठवतात.

पाइपांचंही तसंच. लोखंडी पाइप साधारण २० फुटी येतो. लांबीच्या बाजूने आडव्या पट्ट्या १३ फूट ६ इंच अधिक दोन्हीकडे सव्वा फूट, म्हणजे १६ फूट. प्रत्येक पाइपामागे ४ फुटांचा तुकडा उरतो. चार पट्ट्या, चार तुकडे. मी ते आधीच कागदावर मांडल्यामुळे वेल्डरला सांगता आलं की तुकडे फेकू नका, त्यातून खिडकीची चौकट आणि आतली फळी उचलायचे ब्रॅकेट करा. पाइपाची जाडी, किती अंतरावर टाकायचा, जमिनीत किती गाडायचा हे मात्र त्याला आणि इंजिनीअरला ठरवू द्या.

पायरी ८ : प्रिंट, आणि झेरॉक्सच्या दुकानातली लढाई

प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये जाऊन प्रमाण १:२४ टाका. म्हणजे कागदावरचा अर्धा इंच जागेवरचा एक फूट. आपली बाहेरची चौकट पावणेसात बाय पावणेसहा इंचांत बसते, ए-फोरवर आजूबाजूला लिहायला जागा उरते. मोठ्या कामाला १:४८, म्हणजे पाव इंचाला एक फूट. मग पीडीएफ करा.

कोपऱ्यात चार फुटांची एक रेघ काढून ठेवा. १:२४ ला ती कागदावर बरोबर दोन इंच यायला हवी. झेरॉक्सवाला सवयीने ‘फिट टू पेज’ ठेवतो आणि सगळा नकाशा दोन-चार टक्क्यांनी आकसतो. डोळ्यांना कळत नाही. त्याला ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ करायला सांगा, खिशातून पट्टी काढा, काउंटरवरच रेघ मोजा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू द्या. तरीही नकाशावर मोठ्या अक्षरात लिहाच : ‘लिहिलेलं माप धरा, कागद मोजू नका.’

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं झालं तर पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनचा फोटो काढून पाठवला की बारीक आकडे धुवून निघतात आणि ३ चा ८ होतो.

आणि एक आकडा जरूर छापा, कर्ण. बाहेरच्या चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं अंतर सॉफ्टवेअर क्षणात देतं : १७ फूट पावणेनऊ इंच. दुसऱ्या खोलीच्या वेळी खुंट्या ठोकून, दोरी बांधून झाल्यावर मिस्त्रींनी गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावला आणि म्हणाले, ‘गुण्यात आहे.’ मी कागद पुढे केला. त्यांनी टेप तिरका धरला, तो १७ फूट साडेदहा इंच आला. दुसरा कर्ण आला १७ फूट सात. दोन्ही सारखे नाहीत म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. काही न बोलता त्यांनी एका बाजूच्या दोन खुंट्या उपटल्या, सरकवून ठोकल्या, पुन्हा दोन्हीकडून मोजलं आणि मग कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. तिसऱ्या दिवशी तो घामाने आणि सिमेंटने विरघळला होता, म्हणून प्रती तीन तरी काढा, आणि एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या चौकटीला टांगा.